हाफिजभाऊचा गंज कोणी उघडत नाही

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी हाफिज शेख मूलमधल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होता. हाच तांदूळ आदल्या संध्याकाळी रुबीनाने, त्याच्या बायकोने, निवडून ठेवला होता. बल्बच्या उजेडात त्याने तो पुन्हा ताटात घेतला.

"रात को मैं क्या आंख मूंद के चुनी?" रुबीना आतून म्हणाली.

हाफिज निवडत राहिला. थोड्या वेळाने त्याला एक खडा सापडला. तो त्याने तिला दिसेल असा उंबऱ्यावर ठेवला.

हाफिज बावर्ची होता. वडीलही बावर्चीच. मूल, सावली, आरमोरीपासून खाली चामोर्शीपर्यंत लग्नाचा, बारशाचा, तेरवीचा स्वयंपाक असला की लोक त्याला बोलावत. मुसलमानांच्या घरी तो जाई तसा धानाची शेती करणाऱ्या हिंदूंच्या घरीही जाई. मात्र मधली दोन वर्षं अशी गेली होती की एकाही शेतकऱ्याने त्याला बोलावलं नाही. त्या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली होती. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात लग्नाची पंगत बसली असताना कोणीतरी म्हणालं, हे मटण बकऱ्याचं दिसत नाही. बोकड नवरीच्या मामाने स्वतः आणून दिला होता. मामा त्या वेळी मोहाची घेऊन जनावरांच्या गोठ्यात झोपला होता. त्याला उठवून आणेपर्यंत पंगत ताटावरून उठली.

तेव्हापासून हाफिजने काही नियम करून घेतले. बोकड घरच्या माणसांसमोर कापायचा. त्याचं मुंडकं आणि खूर शेवटची पंगत उठेपर्यंत टोपलीखाली झाकून ठेवायचे, कोणी म्हटलं की टोपली उचलून दाखवायची. भांड्यात पळी दुसऱ्या कोणी घालायची नाही. आणि प्रवासात भांडं बांधलेलं असलं पाहिजे. त्याच्या मोठ्या पितळी भांड्याला त्या भागात सगळे गंज म्हणत. तो स्वतः डेग म्हणे, पण लोकांशी बोलताना गंजच. तांदूळ, मसाले, मीठ, सगळं त्याच गंजात भरायचं, वर परात पालथी घालायची, परातीवर फडकं, आणि फडक्यावरून दोरी. दोरीची गाठ त्याच्या वडिलांची होती, बैलगाडीतून भांडी नेण्याच्या काळातली. ती ओढली की आणखी घट्ट होई. अनोळखी माणसाला ती कापावीच लागे. हाफिजशिवाय ती एकालाच येत होती. सोमाजी निकोडेला. बारा वर्षं सोमाजीच्या गाडीतूनच गंज जात होता आणि भरलेला गंज बांधायला दोन माणसं असली की सोपं जातं.

सव्वासहाला सोमाजीची कमांडर जीप दारात आली. मागच्या बाकावर नाशिकहून आलेले प्रणित आणि उर्वशी हे नवराबायको बसले होते. पर्यटकांच्या सहली काढणं हा त्यांचा व्यवसाय. तिकडे ते लोकांना द्राक्षांचे मळे दाखवत, वाइन पाजत, जेवू घालत. तसंच काही वैनगंगेच्या खोऱ्यात जमतं का, हे पाहायला ते आले होते. सकाळी सोमनाथकडचं जंगल, दुपारी मार्कंड्याच्या अलीकडे नदीच्या पात्रात जेवण, संध्याकाळपर्यंत परत. आजची खेप चाचणीची होती. ती पसंत पडली तर दिवाळीपासून दर शनिवारी सोमाजीची गाडी आणि हाफिजचा स्वयंपाक.

हाफिजला हे दोघं पटले नव्हते. कारणं होती. जेवणारी माणसं चार, आणि प्रणित म्हणत होता मोठाच गंज घ्या. उर्वशीने आदल्या दिवशी त्याच्या हातांचे फोटो काढले होते. तोंडाचे नाही, हातांचे. मग मसाल्याचं प्रमाण विचारलं होतं. हाफिजने ते लगेच सांगितलं, आणि त्यात बडीशेप दुप्पट सांगितली.

"हाफिजभाऊ, पुढे बसा ना," सोमाजी म्हणाला.

"मी मागेच बरा."

"गंजाले कोणी पळवून नेत नाई."

"कोण कशाले पळवून नेईल सांगता येते काय?"

तो मागे गंजाला पाय टेकवून बसला. जंगल सुरू झालं. मार्चचा दुसरा आठवडा होता, सागाची पानं गळाली होती आणि झाडांतून लांबवर दिसत होतं. उर्वशीची नजर चांगली होती. सोमाजीच्या आधी तिने रोही, म्हणजे नीलगाय, दाखवली, मग नाल्याच्या काठाने चाललेला गव्यांचा कळप. पक्ष्यांची नावं ती इंग्रजीत घेत होती आणि सोमाजी प्रत्येक नावाला, "हो, तोच तो," म्हणत होता.

"वाघ दिसेल का?" प्रणितने विचारलं.

"दिसला तर तुमचं नशीब, नाई दिसला तर त्याचं," सोमाजी म्हणाला.

दोघं हसले. हाफिज हसला नाही. उर्वशीची दुर्बीण दोनदा त्याच्याकडे वळली होती. ती बाई गवे पाहायला आली आहे की आपल्याला, हे त्याला कळेना.

वाघ दिसला नाही. साडेनऊला गाडी परत मूलवरून सावलीमार्गे पुलाकडे निघाली.

वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. गडचिरोलीत त्र्याण्णवपासून दारूबंदी. त्यामुळे पुलाच्या अलीकडे चहाच्या टपऱ्यांवर एक रीत पडली होती. पलीकडे जाणाऱ्याने आपली बाटली टपरीवाल्याकडे ठेवायची. तो ती बारदानात गुंडाळून पाटाखाली सरकवी. संध्याकाळी परतताना घ्यायची. एवढ्या वर्षांत बाटली बदलल्याची तक्रार कोणी ऐकली नव्हती.

सोमाजीने गाडी टपरीसमोर लावली. "साहेब, तुमचं अंगूराचं पाणी इथी ठेवा. पलीकडे बाया पकडतात. पोलिसापरीस बाया कडक."

प्रणितने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. हाफिजने त्या बारदानात जाताना पाहिल्या. मग तो मासळी घ्यायला नदीकडे उतरला. ढिवरांच्या बाया काठावर टोपल्या घेऊन बसतात. तिथे स्वतः जाऊन कल्ले उघडून पाहिल्याशिवाय तो मासळी घेत नसे. मरळ ताजी होती, तरी त्याने तीन टोपल्या पाहिल्या. वर आला तेव्हा सोमाजी चाकात हवा भरून घेत होता, उर्वशी पुलावरून पक्षी बघत होती आणि प्रणित चहा पीत होता. हाफिजने गंजावरची दोरी पाहिली. गाठ जशीच्या तशी होती.

गडचिरोली ओलांडून चामोर्शी रस्त्याला लागलं की एका गावात बांबू आडवा असतो. तिथे दारूबंदीच्या बाया बसतात. त्यांच्या प्रमुख इंदुताई. तीन एकर धान, विधवा, आवाज बारीक पण चढवायची गरज पडत नसे. बाटली सापडली तर ती तिथेच फुटे आणि गाडी पोलिसांत जाई. सोडवायला महिने लागत.

बायांनी बाकाखाली पाहिलं. प्रणितची पिशवी उपसून पाहिली. उर्वशीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला.

"हे पाणीच आहे," उर्वशी म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात, पोरी," इंदुताई म्हणाल्या.

एका नव्या बाईने गंजाच्या दोरीला हात घातला. इंदुताईंनी तिथूनच सांगितलं, "त्याले राहू दे. तो हाफिजभाऊचा गंज होय. त्यायच्या हाताशिवाय त्यात काई जात नाई."

याला इतिहास होता. चार वर्षांपूर्वी याच बांबूजवळ एका बाईने गंज उघडून तांदळात तळापर्यंत काठी खुपसली होती. हाफिज खाली उतरला, सगळा तांदूळ रस्त्याकडेच्या गायींपुढे ओतला आणि म्हणाला, "लग्नघरी सांगा, जेवण उशिरा होईल. काऊन उशीर झाला, तेही सांगा." लग्नघर त्याच गावातलं होतं. जेवण दुपारी साडेतीनला झालं. त्यानंतर त्याचा गंज कोणी उघडला नाही.

"उद्याचं ध्यानात आहे ना, भाऊ?" इंदुताईंनी विचारलं. उद्या त्यांच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. स्वयंपाक हाफिजचाच.

"बोकड माझ्यासमोर कापा. आधी कापून ठेवू नका."

"तुमी येईपर्यंत त्याले हातही लावत नाई."

बांबू वर झाला. हाफिजला बरं वाटलं. चेहऱ्यावर त्याने ते येऊ दिलं नाही.

मार्कंड्याचं देऊळ लांब दिसत राहील एवढ्या अंतरावर, नदीच्या वरच्या अंगाला, सोमाजीने गाडी रेतीत उतरवली. शिवरात्रीची जत्रा उठून दोन आठवडे झाले होते. पात्रात अजून चुलींचे दगड आणि नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या. हाफिजने दगड मांडले, लाकडं लावली, मरळ धुऊन कापली. मग गंजाची दोरी सोडली, फडकं काढलं, परात उचलली.

तांदळाच्या पुरचुंडीशेजारी, मसाल्याच्या डब्याला टेकवून, काळसर हिरवी बाटली ठेवली होती. खडखडू नये म्हणून ती त्याच्याच हात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली होती.

त्याने पहिल्यांदा प्रणितकडे पाहिलं. मोठ्या गंजाचा हट्ट याचाच. मग त्याने हातातल्या दोरीकडे पाहिलं. ती कापलेली नव्हती. नीट सोडून पुन्हा नीट बांधलेली होती. नाशिकच्या माणसाला ही गाठ दहा वर्षांत आली नसती.

सोमाजी जीपच्या सावलीत विडी ओढत होता.

प्रणित जवळ आला आणि खूश झाला. "अरे वा, आली का? सोमाजी म्हणाले होते जमवतो. चाचा, एकच फोटो. गंज, मासा, बाटली, मागे देऊळ. आम्ही उघडणारसुद्धा नाही."

उर्वशी कॅमेरा घेऊन येत होती, ती थांबली. "दोन्ही टपरीवर ठेवल्या म्हणाला होतास ना तू?"

"फोटोपुरती एक आणली ग."

"तुला त्या बायका दिसल्या नाहीत का?"

हाफिजने परात पुन्हा गंजावर पालथी घातली. "फोटो मासळीचा काढा," तो म्हणाला आणि जीपकडे गेला.

"सोमाजी."

"भाऊ, रागावू नका. दारू थोडीच होय ते? मोठ्या लोकायचं सरबत."

"माझ्या गंजात काऊन ठेवलं?"

"दुसरीकडे कुठी ठेवू? सीटखाली पाहतात, डिक्कीत पाहतात. तुमचाच गंज कोणी उघडत नाई." सोमाजी विडी विझवत म्हणाला. त्यात त्याला वावगं काही दिसत नव्हतं. "तुमचं नाव मोठं आहे, भाऊ. म्हणून तर."

हाफिजने विचारलं, "किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"बारा वर्षं तू माझा गंज बांधून राह्यला. किती वेळा ठेवलं?"

"आजच. पह्यल्यांदा. देवाची आण."

"शिवरात्रीच्या जत्रेले माझ्यामागून तूच बांधला होता."

"त्या टायमाले काही नव्हतं."

"आष्टीच्या लग्नाले टपरीवर अर्धा घंटा थांबला होता."

"पंक्चर होतं, भाऊ. तुमी स्वतः पाह्यलं." सोमाजी हसायला गेला, पण हसू अर्धंच आलं. "आता बारा वर्षायच्या एक एक खेपा काढत बसता काय?"

हाफिज तेच करत होता. थांबलेली प्रत्येक गाडी, मासळीसाठी तो उतरला ती प्रत्येक वेळ, आपण पुढे बसावं असा सोमाजीचा आग्रह. सकाळचा आग्रह तर अजून कानात होता. सोमाजी खरं बोलत असेल. खोटंही बोलत असेल. तपासायचा मार्ग उरला नव्हता, कारण गाठ दोघांना सारखीच येत होती.

भात त्याने शिजवला नाही. जवळच्या झोपडीतल्या ढिवराच्या बायकोला सांगितलं, तिने आपल्या चुलीवर भात केला. मासळी तिच्याच मीठ-मसाल्यात, लहान पातेल्यात झाली. प्रणित म्हणाला, बाटली सीलबंद आहे, तांदळाला काय झालं? हाफिज म्हणाला, "बाटली बंद आहे साहेब. गंज उघडा होता." रस्सा चांगला झाला असावा, दोघांनी दोनदा घेतला. उर्वशीने एकदाही फोटो काढला नाही. हाफिज जेवला नाही.

बाटली गंजातच होती. त्याने तिला हात लावला नव्हता.

"इथेच रेतीत ओतून टाकू," प्रणित म्हणाला. "काच मी बॅगेत घेतो. विषय संपला."

सोमाजीही तेच म्हणत होता. परत जाताना बाया गाड्या पाहत नाहीत. कोणाला कळणार?

हाफिजने याचा विचार केला होता. ओतली तर चार माणसांना माहीत राहील. दोघं नाशिकला जातील. सोमाजी आज गप्प बसेल, पण पावसाळ्यात काम नसलं की तो टपरीवर बसतो आणि बसला की किस्से सांगतो. हाफिजभाऊच्या गंजातून बाटली काढली, हा चांगला किस्सा होता. सिंदेवाहीकडची ती पंगत उठली तेव्हा त्या बोलण्यात काहीच खरं नव्हतं, तरी दोन वर्षं गेली. या वेळी खरं होतं.

त्याने गंज बांधला. एकट्यानेच, गुडघ्याने दाबून.

गावाच्या अलीकडे, वळणावर, त्याने गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरला. गंज ओढून डोक्यावर घेतला.

सोमाजी उतरून समोर आला. आता तो गमतीत नव्हता. "भाऊ, माझी गाडी जाईल. पोराचं ॲडमिशन आहे औंदा. तुमाले माहीत आहे."

"तू पुढे निघून जा. थांबू नको."

"त्यायनं विचारलं तर?"

"गंज माझा आहे."

"चाचा, मी येते सोबत," उर्वशी म्हणाली. "चूक आमची आहे."

"तुमी बसा, बाई. तुमाले इथी कोणी ओळखत नाई, तुमी सांगून काय उपयोग?"

जीप बांबूखालून निघून गेली. पाठोपाठ हाफिज चालत गावात आला. इंदुताईंच्या अंगणात उद्यासाठी मांडव घालणं चाललं होतं. त्याने गंज मांडवाबाहेर उतरवला, दोरी सोडली, परात उचलून बाजूला ठेवली आणि मागे सरकला.

"पाहा."

इंदुताईंनी वाकून पाहिलं. मांडवावरची माणसं खाली उतरून आली.

"हे सकाळी होतं?"

"सकाळी होतं."

"तुमाले माहीत होतं?"

"नव्हतं. नदीवर उघडल्यावर दिसलं."

"कोणं ठेवलं?"

"गाठ माझी होती."

"मी गाठ नाई विचारून राह्यली. गाडी कुठी आहे?"

"गेली."

इंदुताईंनी रस्त्याकडे पाहिलं. धूळही उरली नव्हती. "सोमाजीले वाचवून राह्यले काय?"

हाफिज वाकून दोरी उचलू लागला.

त्यांनी बाटली बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि नव्या बाईच्या हातात दिली. हीच ती, जिचा हात सकाळी त्यांनी थांबवला होता. तिने ती दगडावर आपटली. लाल पाणी मातीत मुरलं. वास आंबूस होता, मोहाच्या दारूसारखा नाही. गावातली दोन माणसं वास घ्यायला जरा जास्तच वाकली, तशी कोणीतरी म्हणालं, "चाटा आता माती."

कोणी फारसं हसलं नाही. इंदुताईंची नजर अजून गंजात होती.

"भाऊ, याच्या आधी किती खेपा झाल्या?"

दुपारी हाफिजने हाच प्रश्न विचारला होता. "मले माहीत नाई," तो म्हणाला.

"चार वर्षं आमी तुमचा गंज पाह्यला नाई. पोरीबाळींच्या पर्साही उघडून पाह्यल्या, तुमचा गंज नाई." त्यांचा आवाज चढला नाही. "लोकं मले काय म्हणतील? का इंदुबाईच्याच नाकाखालून गेलं?"

"म्हणून घेऊन आलो. बाहेरून कानावर आलं असतं, तर अजून वाईट झालं असतं."

"ते खरं आहे. पण घेऊन आले म्हणून आधीचं साफ झालं असं होत नाई."

बाया बाजूला जाऊन बोलल्या. काही म्हणत होत्या, साक्षगंधाला चामोर्शीचा आचारी सांगा. इंदुताईंच्या दिराचं म्हणणं होतं, आयत्या वेळी कोण येतो. हाफिज मांडवाच्या खांबाजवळ उभा राहिला. त्याला कोणी बसा म्हटलं नाही. इतक्या वर्षांत या गावात असं पहिल्यांदाच झालं.

शेवटी इंदुताई आल्या. "उद्या स्वयंपाक तुमीच करा. पण भांडी आमची, तांदूळ आमचा, मसाला आमच्या घरचा. चुलीजवळ दोन बाया बसतील. पळी तुमी घाला, त्या पाहतील. गंज इथीच राहील, माझ्या खोलीत, कुलपात. परत कधी द्यायचा ते आमी बसून ठरवू."

"मसाला माझा नसला तर चव येणार नाई."

"नाई आली तर नाई."

हाफिजने मान हलवली. दोरी त्याने उचलली होती, ती गुंडाळून खिशात घातली.

साडेपाचच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. पूल ओलांडल्यावर टपरीसमोर सोमाजीची जीप उभी दिसली. प्रणित बारदानातून दुसरी बाटली काढून घेत होता. सोमाजी रस्त्याच्या कडेला उभा राहून येणारी प्रत्येक गाडी पाहत होता. एसटीत हाफिज दिसल्यावर त्याने हात वर केला. कंडक्टरने विचारलं, उतरायचं आहे काय. हाफिज म्हणाला, मूल.

घरी रुबीनाने विचारलं, "डेग कहां है?" त्याने सांगितलं. मग तिने विचारलं, सोमाजी खरंच पहिल्यांदाच ठेवलं म्हणतो का. तो म्हणाला, म्हणतो तर तसंच. तिने पुन्हा विचारलं नाही.

उद्या, रविवारी, मूल बसस्थानकावरून गडचिरोलीची पहिली एसटी सव्वासहाला सुटते. तिथून चामोर्शीची गाडी साडेसातला आहे. बोकड हाफिज पोचल्यावर त्याच्यासमोर कापला जाईल आणि इंदुताईंच्या अंगणातली चूल नऊला पेटेल. तिच्याजवळ बसायच्या दोन बाया ठरल्या आहेत.